प्रेमपटातला देश दाखवणाऱ्या निकमबाई

१९९६ साली मी पेठ या डोंगराळ तालुक्यातून नाशिकला महाविद्यालयात आले. तिथे प्रा. वसुधा निकम यांची पहिली ओळख झाली ती शनिवारच्या दुपारी. बाई आम्हां विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॅसेटवर हलकेफुलके प्रेमपट दाखवत आणि मग विचारत, की हे दोघे जिथे भेटतात ती जागा बदलली, तर गोष्ट हीच राहील का? परदेशातल्या बर्फात गाणारी आणि लग्नाला मात्र मोठ्या हवेलीत परतणारी माणसे पाहता पाहता, आपला देश म्हणजे काय याचे एक चित्र आपल्या मनात तयार होते, असे त्या सांगत.

एकदा मी धीर करून म्हणाले, की त्या चित्रात आमचे पेठ कुठेच नाही. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत त्या एसटीने आमच्या घरी आल्या आणि माझ्या शेतकरी वडिलांना त्यांनी लग्न कसे जमले ते विचारले. वडील आधी लाजले. मग सांगू लागले, की बाजारात त्यांनी विकलेल्या नागलीत, म्हणजे नाचणीत, खडे निघाले म्हणून आई भांडली होती.

"पुढच्या बाजाराला निवडून नेली, तरी भांडली. मंग म्हटलं, हिला घरीच आणू."

"खडे अजून हायेत," आई चुलीपाशी बसून म्हणाली.

निघताना बाई मला म्हणाल्या, "हे लिहून काढ. हाही देशच आहे."

मी निबंध लिहिला. तुझ्या जड शब्दांत आईवडील दिसेनासे झालेत, असे सांगून बाईंनी तो तीनदा परत केला. चौथा खर्डा त्यांनी एका चर्चासत्रासाठी पाठवला. तिथे ऐन त्या दिवशी सकाळी आयोजकांनी माझे नाव वगळले. प्रेमपटासारखा विषय आणि त्यात विद्यार्थिनी, हे त्यांना पटेना. बाईंनी वाद घातला नाही. "माझ्या वेळेत ही वाचेल," एवढेच म्हणून त्यांनी स्वतःचा निबंध पिशवीत ठेवला. त्यासाठी त्या वर्षभर खपल्या होत्या, हे मला फार नंतर कळले. मी वाचू लागले. आईचे उत्तर वाचले तेव्हा सभागृह मनापासून हसले. पेठचे नाव घ्यायला त्यानंतर मी कधी लाजले नाही.

आज मीही शिकवते. आपणा विद्यार्थ्यांपैकी अनेकांना बाईंनी असेच उभे केले आहे. पंचाहत्तरीतही त्यांना नवे प्रेमपट सहसा पसंत पडत नाहीत. त्यांची प्रकृती उत्तम राहो आणि प्रत्येक नव्या चित्रपटावरची त्यांची तक्रार आम्हाला पुढची कितीतरी वर्षे समोर बसून ऐकायला मिळो.