सुशीलाताई आणि डोंगरापलीकडची राणी

वर्गात भूगोल चालू होता. शिपाई दारात येऊन हळूच म्हणाला, "बाई, पुण्याच्या इस्पितळातून निरोप आलाय... सुशीलाताई गेल्या." मी "बरं" म्हणाले आणि तास पुरा केला. घाई करून कुणाला कळवावं, असं तिचं कुणी नव्हतंच. त्याला आता महिना झाला.

चिंचवडला आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवत होतो, शेजारच्या खोल्यांत राहत होतो. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, मूळची धारवाडची. माहेरचं नाव गंगव्वा. वडील आणि सासरे कापडाच्या धंद्यातले भागीदार. त्यांचं बिनसलं, ते मिटावं म्हणून तेराव्या वर्षी तिला इकडे दिली. दोन वर्षांत वैर पुन्हा पेटलं आणि सासऱ्यांनी तिला माहेरी पाठवणंच बंद केलं. पुढे नवरा गेला, सासर पांगलं, ती शिकून शिक्षिका झाली. धारवाडचा विषय ती काढत नसे.

बोलायची ती एका राणीबद्दल. पुण्यात जुन्या बाजारात तिला जॉर्जियाच्या इतिहासाचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, पुठ्ठा निघालेलं. त्यात नऊशे वर्षांपूर्वीच्या एका राणीवर जेमतेम चार ओळी होत्या. कॉकेशस पर्वतातल्या अलान लोकांची ही राजकन्या. दोन राज्यांचं सख्य राहावं म्हणून जॉर्जियाच्या राजाला दिलेली. तिची मुलगीही तशीच पुढे कॉन्स्टँटिनोपलला दिली गेली, आणि तिथं तिचं नावही बदललं. राणीच्या हातचं मागं उरलं ते एवढंच... मेरीमातेच्या एका चित्रावर कोरलेली छोटीशी प्रार्थना, तीही सासरच्या भाषेत.

"शांता, देवाशी तरी माणूस आपल्या भाषेत बोलेल ना गं?" सुशीलाताई विचारायची.

दोन वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयात तिनं या राणीवर व्याख्यान दिलं. अकरा माणसं आली. शेवटी एक म्हातारे पाटील उठले. "बाई, बोलला झ्याक. पन त्या राणीचं आमाला काय?"

"काहीच नाही, पाटील," ती म्हणाली. "कुणाची तरी सून होती, एवढंच."

पाटील खाली बसले. त्यांनी दोन लेकी लांब दिल्या होत्या, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी सगळे गेले तरी ते बराच वेळ बाकावर बसून होते.

त्यानंतर पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला लागलेलं धारवाडकडचं एक जोडपं आमच्याच ओळीत राहायला आलं. बाईचं नाव नीलव्वा. नळावर ती नवऱ्याला कन्नडमध्ये हाक मारताना सुशीलाताईनं ऐकलं आणि भरलेली कळशी तशीच टाकून तिच्याकडे गेली. तोंड उघडलं... शब्दच येईनात. पस्तीस वर्षांत ते कुठं गेले होते कोण जाणे. अखेर मराठीतच म्हणाली, "पाणी सकाळी लवकर जातं हं." घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी चहा नेला, तो निवून गेला.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात मात्र तिचं मराठी गेलं आणि कन्नड परतलं. सगळं आयुष्य साठवून ठेवल्यासारखी भरभर बोलायची, मध्येच हसायची. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी हात धरून नुसतं "हो ताई, हो" म्हणत राहिले. नीलव्वाला घेऊन यावं हे तेव्हा सुचलं नाही, याची टोचणी जन्मभर राहील. शेवटच्या भेटीत ती एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती. तेवढं मी पाठ केलं.

दिवस झाल्यावर नीलव्वाकडे गेले आणि ते म्हणून दाखवलं. "बागला तगी, अव्वा."

नीलव्वानं पदर डोळ्यांना लावला. "दार उघड, आई... असं म्हणत्यात ताई."

सुशीलाताईची खोली अजून कुणाला दिलेली नाही, किल्ली माझ्याकडेच आहे. शाळेतून आले की आधी ते दार उघडते, सताड. दिवेलागणीपर्यंत ते तसंच असतं.