पदराखालचे हात

माझी मुलगी दीड वर्षाची असताना तापाने फणफणली आणि ताप उतरला तेव्हा तिचे कान गेले होते. हे आम्हा आईबापांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते घरमालकिणीच्या. मी भाईंदरच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, मूळचा रत्नागिरीकडचा, आणि नवघरला एका मिठागरवाल्या कुटुंबाची मागची खोली भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो. घरमालकीण एकदा बायकोला म्हणाली, "पोर तोंड बगल्याबिगर येत न्हाय. मांगशी हाक मारून बग." बायकोने मुलीच्या पाठीमागून हाक मारली. मग मी मारली. त्या संध्याकाळी आमच्या घरात पुन्हा कुणी कुणाला हाक मारली नाही.

पुढच्या काही वर्षांत मायलेकींनी आपली आपणच एक हातांची बोली तयार केली. बायको चौथीपर्यंत शिकलेली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मीठ म्हणजे बोटांची चिमूट चोळायची. घरमालकीण म्हणजे कपाळावरून आडवं बोट, तिच्या कुंकवासारखं. खाडीला भरती आली की तळहात छातीपर्यंत चढत जायचा. मी म्हणजे बाह्या झटकणं, कारण शाळेतून आल्यावर मी दारातच खडूची पूड झटकत असे. बायकोच्या हातात सूप असलं तर ती कोपराने आणि भुवयांनी बोलायची. दोघी मिळून शेजाऱ्यांची टिंगलसुद्धा करायच्या. कुठे दुखतंय, कुणाची भीती वाटते, कोणती भाजी आवडली नाही, हे सगळं मुलगी आईला सांगू शकत होती.

मला मात्र त्या हातवाऱ्यांची लाज वाटायची. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मुलीने हात हलवायला सुरुवात केली की लोक थांबून बघत. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरून चालायचो. बघणाऱ्याला वाटावं, बापाचं किती प्रेम आहे.

ती सहाएक वर्षांची झाल्यावर मुंबईतल्या बहिऱ्या मुलांच्या एका शाळेचा पत्ता लागला. तिथल्या बाई तरुण होत्या, बोलण्यात कळकळ होती. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "घरी हातवारे पूर्ण बंद. हाताने मागून सगळं मिळतंय म्हटल्यावर ती तोंड कशाला उघडेल? आईंनी विशेष सांभाळायचं."

बायकोने एवढंच विचारलं, "आणि तिला भूक लागली तर?"

"भूक लागली की शिकेल," बाई म्हणाल्या. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांची त्यावर श्रद्धा होती, आणि एका शिक्षकाने सांगितलेलं दुसऱ्या शिक्षकाने मानायचं, ही माझी श्रद्धा होती.

घरी मी नियम केला. मुलीशी बोलताना बायकोने हात पदराखाली घ्यायचे. मुलीने हाताने पाणी मागितलं तर द्यायचं नाही, ओठांनी 'पाणी' म्हणेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी मुलगी माठासमोर उभी राहून पुन्हा पुन्हा ओंजळ तोंडाला लावून दाखवत राहिली. मग आईकडे धावली आणि पदर ओढून आतले हात शोधायला लागली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मुलीने आईच्या दंडाला कडकडून चावा घेतला. तरी बायकोने हात बाहेर काढले नाहीत.

घरमालकीण ओट्यावरून हे बघत होती. ती म्हणाली, "मास्तर, शालेन पोरांना गप बसा सांगताव, न घरान पोरीला बोल बोल करताव. तुमचा काय खरा न्हाय."

मी हसण्यावारी नेलं.

मी रोज मुलीला आरशासमोर घेऊन बसायचो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटला की ती हलते. तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा, म्हणजे आवाज हाताला लागतो. बायकोने तिच्या फ्रॉकला छातीवर खिसा शिवला होता, कानाच्या यंत्राची डबी ठेवायला. बऱ्याच महिन्यांनी मुलीच्या तोंडून 'पापी' असं काहीसं आलं आणि मी तांब्या भरून दिला. शाळेत पेढे वाटले. हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, चिकाटी असावी तर अशी." हे वाक्य मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. "पेढा ठेवलाय का तिच्यासाठी?" एवढंच तिने विचारलं.

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून दुपारीच घरी आलो. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि चारही हात चालू होते. बायको कुणाची तरी नक्कल करत होती, मुलगी पोट धरून हसत होती. मी दिसताच मुलीचं हसू गेलं आणि तिने हात पाठीमागे नेले. वर्गात खाऊ खाताना पकडलेलं पोर असंच करतं.

मी बायकोवर संतापलो. "मी तिकडे जिवाचं रान करतोय आणि तू इथे माझ्यामागे हे करतेयस? तूच तिला जन्मभर मुकी ठेवणार आहेस."

बायकोने हात पदराखाली घेतले. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. दुसऱ्या दिवसापासून तिचे हात खरोखरच बंद झाले, मी घरात असो वा नसो. हे मला घरमालकिणीकडून कळलं. "तुमची बाय पोरीपुढं लाकडावानी बसते," ती म्हणाली. मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं.

पुढे मुंबईच्या शाळेची रोजची जा-ये झेपेना आणि मुलीला शाळेच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं. बायको म्हणाली, "तिथे तिला काही झालं तर ती कुणाला सांगणार?" मी म्हटलं, "तोंडाने सांगेल. त्याचसाठी ठेवतोय ना?"

आणि मुलगी बोलायला लागली, हे खोटं नाही. सुट्टीत घरी आली की मी तिला पाहुण्यांसमोर वाचायला लावायचो. पाहुणे "वा, वा" करायचे. मग ती काय म्हणाली ते मी त्यांना पुन्हा सांगायचो. माझ्या ओठांवरून तिला बहुतेक सगळं कळायचं, कारण आम्ही दोघं आरशासमोर बसत आलो होतो. बायकोला आरशासमोर कुणी बसवलं नव्हतं. ती खाली बघून, काम करता करता, ओठ जेमतेम उघडून बोलते. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मग माझ्याकडे वळायची.

ती चौदा-पंधराची असताना मे महिन्यात वसतिगृहातली एक मैत्रीण घेऊन आली. दोघी ओट्यावर बसल्या आणि हातांनी बोलू लागल्या. मी असं कधी पाहिलं नव्हतं. हात इतके भराभर चालत होते की नजर पुरेना. त्या वाद घालत होत्या, चिडवत होत्या, मध्येच गंभीर होत होत्या. बायको फणस घेऊन दारात उभी होती. बऱ्याच वेळाने तिने ताटली एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने, कितीतरी वर्षांनी, खाण्याची जुनी खूण केली. मुलीने तिच्याकडे बघितलं आणि तोंडाने, एकेक अक्षर नीट लावून म्हणाली, "नको आई. पोट भरलं आहे." परक्या माणसांशी ती असंच बोलत असे.

बायको आत आली. "त्या काय बोलतायत, कळतंय का तुम्हाला?"

"नाही."

"मला वाटलं, मला तरी कळेल," ती म्हणाली, आणि फणसावर ताट झाकलं.

सुट्टी संपल्यावर मुलीला सोडायला गेलो तेव्हा मी शाळेतल्या त्या बाईंना भेटलो. मनात होतं की जाब विचारावा. त्या आता थकलेल्या दिसत होत्या. "मुलं आपसात हातानेच बोलतात, गुरुजी, पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "वर्गात मी हात खाली ठेवायला लावते. जेवणघरात मी जातच नाही. गेले तर रागवावं लागेल." मग म्हणाल्या, "आम्हाला असंच शिकवलंय. एवढ्या आया माझ्यासमोर बसून गेल्या. सगळ्यांना मी सांगितलं, काय करायचं. तुमचं घरी कसं चाललंय, हे एकीलाही विचारलं नाही."

मला त्यांच्यावर रागवता येईना. मीही माझ्या शाळेत हेच करत आलो होतो. गळ्यात धाकटं पोर अडकवून मिठागरावरून आलेल्या बाईला मी उभ्या उभ्या सांगायचो, मुलाचा अभ्यास घेत जा.

पुढच्या सुट्टीत मी मुलीला म्हटलं, आईला तुमचे हात शिकव. तिला आधी आश्चर्य वाटलं, मग ती तयार झाली. रोज जेवणानंतर दोघी बसायच्या. पण मुलीच्या हातात आता वसतिगृहाची भाषा होती. बायकोच्या जुन्या खुणा तिला आठवत नव्हत्या, किंवा बाळबोध वाटत होत्या. बायको पहिलीतल्या पोरासारखी पाणी, ताट, सूर्य करायची. चुकली की मुलगी हसायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. चार-सहा दिवसांनी बायको म्हणाली, "राहू दे. तिची सुट्टी यात कशाला घालवायची?" मी पुष्कळ आग्रह केला. ती ऐकेना. माझा आग्रह तिने आयुष्यात पहिल्यांदाच मोडला आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

आता मी पन्नाशीला आलो आहे. मुलगी मुंबईत शिवणकामाच्या कारखान्यात लागली आहे आणि तिच्यासारख्याच दोघी-तिघींबरोबर खोली घेऊन राहते. आई आणि मुलगी यांच्यामध्ये दुभाष्या म्हणून मी बसतो. परवा ती आली होती. निघायच्या वेळी बायको डबा भरता भरता मला म्हणाली, "तिला विचारा, तिथे तिला बरं वाटतं का. खोलीचं विचारू नका, जेवणाचं नको. तसं, मनातून, बरं वाटतं का."

मी मुलीसमोर जाऊन बसलो आणि ओठ नीट उघडून विचारलं. मला जमेल तेवढं सगळं विचारलं. तिने माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "हो. खोली मोठी आहे. जेवण चांगलं असतं."

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"बरं वाटतं म्हणाली."

बायकोने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "खोलीचंच सांगितलं असेल," ती म्हणाली, आणि डब्याला फडकं बांधायला लागली.