खांबाचे पाय

सदर इसम हा मध्यम बांध्याचा, मिशी राखणारा व वागणुकीने सालस असून, काचेच्या सातमजली इमारतीच्या मुख्य प्रवेशद्वारी सुरक्षा रक्षक या पदावर कार्यरत आहे. येणाऱ्यास दार उघडून देणे, जाणाऱ्यास दार उघडून देणे, व मधल्या वेळात दार बंद असल्याची खात्री करणे ही त्याची कर्तव्ये होत. कर्तव्यावर असताना तो सरळ उभा राहील. टेकणार नाही, रेलणार नाही, व कोणत्याही सबबीखाली बसणार नाही. शरीरावर ओळखीची खूण नाही. दृष्टी उत्तम, श्रवण उत्तम, छाती नियमात बसणारी. पाय कोणी तपासले नव्हते.

इमारतीतले लोक त्याला खांब म्हणत. हे नाव लिफ्टवाल्याचं. लिफ्टवाल्याला कंपनीने स्टूल दिलं होतं, त्यामुळे त्याचं डोकं सदैव ताजं असे. "खांबा, जरा हलत जा रे, नाहीतर कुणीतरी तुझ्यावर जाहिरात चिकटवून जाईल," असं तो रोज म्हणे. "तू जन्मभर वर गेलास नि खाली आलास, पोचलास कुठे ते सांग," असं खांब रोज म्हणे. दोघांची मैत्री या दोन वाक्यांवर उभी होती आणि चांगली भक्कम होती.

खांबाला खुर्ची का नाही, हे मॅनेजरने एकदा समजावून सांगितलं होतं. बसलेला रक्षक झोपल्यासारखा दिसतो, आणि रक्षक झोपलेला दिसला की कंपनी झोपलेली दिसते. या विचारात खोट काढायला जागा नव्हती. तो खुर्चीत बसून, निवांतपणे केलेला विचार होता.

त्याच्या बायकोच्या वाट्याला या सगळ्यातलं एकच येई: संध्याकाळचे त्याचे पाय. तो घरात शिरला की दाराशेजारच्या लोखंडी पेटीवर बसे आणि नाड्या सोडे. बूट कंपनीचे, काळे, कडक, पुढे निमुळते. सकाळी मुकाट्याने आत गेलेला पाय संध्याकाळी बाहेर यायला तयार नसे. मग ती खाली बसून टाच धरी आणि ओढी.

"हळू गं. बूट काढतेयस की दात?"

"पाय सुजलेत की बूट आकसलेत, तेच कळत नाही मला."

बुटाच्या तळाशी तो वर्तमानपत्राची घडी घालत असे, फरशीचा गारठा लागू नये म्हणून. जगातल्या बऱ्याच घडामोडी अशा त्याच्या पायाखालून गेल्या.

मग ती टब आणी. निळा, प्लास्टिकचा, एका बाजूने किंचित चेपलेला. त्यात गरम पाणी, मूठभर मीठ, आणि त्यात त्याचे पाय. दिवसभर "या" आणि "नमस्कार" यापलीकडे न बोललेला माणूस पाय पाण्यात गेले की बोलू लागे. कोणता साहेब आज दाराकडे न बघता आला, कोणती बाई चौथ्या मजल्यावरून रडत उतरली, कुणी चुकून त्यालाच नमस्कार केला. ती शेजारी बसून पातेल्यातून थोडं थोडं पाणी ओतत राही आणि तो थोडं थोडं सांगत राही. नवरा-बायकोत जे काही बोलणं झालं, ते बहुतेक त्या टबाच्या काठी. पाणी निवलं की बोलणं संपे. म्हणून ती पाणी निवू देत नसे.

पुढे त्याला शुगर निघाली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलं आणि व्यायाम सुरू केला.

"रोज चालायचं, काका."

"दिवसभर उभा असतो, ते धरत नाही का?"

"नाही धरत."

"सगळे नियम बसणाऱ्यांनी केलेले दिसतायत," तो घरी येऊन म्हणाला.

मुलीने मात्र ते मनावर घेतलं. ती लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती आणि बापाची काळजी फोनवरून करत असे. तिने चालायचे बूट पाठवले. मऊ, हलके, नारिंगी पट्ट्यांचे. सोबत सूचनाही पाठवल्या: सुती मोजे घालायचे, ते रोज बदलायचे, बूट घालण्याआधी उपडे करून झटकायचे, आल्यावर पाय कोरडे करून तळवे बघायचे. खांबाने बूट ठेवून घेतले आणि सूचना बायकोकडे दिल्या. सकाळी बागेत तो आणि लिफ्टवाला चक्कर मारत. लिफ्टवाल्याला पुढे चालायची सवय नव्हती, खांबाला चालायचीच नव्हती. पण ते बूट त्याला फार आवडले होते. दारावर ते चालले नसते; चालायच्या आधी तो ते हाताने पुसत असे, आणि परत आल्यावर जड मनाने काळे बूट चढवत असे.

आधी पायांत मुंग्या येत. मग जळजळ होऊ लागली, मग पायाखाली वाळू पसरल्यासारखं वाटू लागलं. आणि मग एका हिवाळ्यात हे सगळं थांबलं. मुंग्या नाहीत, आग नाही, ठणका नाही. त्याने ही बातमी घरात बढती झाल्यासारखी सांगितली.

"पाय पक्के झाले. आता दुखणं नाही."

"चालण्याने झालं हे," बायको म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला होता. इतकी वर्षं मीठ-पाणी केलं, ते कुठेतरी लागू पडलं, असं तिला वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पायांची काही तक्रार?"

"काहीच नाही. आता तर काही वाटतसुद्धा नाही."

"छान," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर रांग मोठी होती.

त्याच सुमाराला तो पाणी जास्त गरम मागू लागला. "कोमट आहे गं," तो म्हणे. सुरुवातीला ती बोट बुडवून बघे आणि पटकन मागे घेई. "कोमट? चटका बसतोय!" यावर त्याची चेष्टा ठरलेली: "तुझ्या हाताला सगळंच पोळतं. स्वयंपाक कसा करतेस कोण जाणे." हळूहळू तिने बोट बुडवणं सोडून दिलं. त्याला सोसतंय म्हणजे सोसतंय. पाय त्याचे होते. त्याच्याहून जास्त ते कुणाला कळणार?

त्या दिवशी बदलीचा रक्षक आलाच नाही आणि खांब दुप्पट वेळ उभा राहिला. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि पाय दगडासारखे गार पडले होते. तिचा जीव कळवळला. नेहमीच्या पाण्यावर तिचं समाधान होईना. तिने दुसरं पातेलं चढवलं, उकळी येऊ दिली आणि टबात ओतलं.

"पुरे का?"

"ओत अजून. आज थंडी हाडात गेलीय."

ती ओतत राहिली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती फोन घेऊन आत गेली. तिकडच्या घराला गळती लागली होती, सासूबाईंचं काही बिनसलं होतं, बोलणं लांबलं. बाहेर आली तेव्हा तो मागे डोकं टेकून झोपला होता. पाण्यात पडलेलं पाय पुसायचं फडकं काढायला तिने टबात हात घातला आणि किंचाळून मागे घेतला.

तो दचकून उठला. "काय झालं?"

"पाय काढा! आधी पाय काढा बाहेर!"

पाय लालभडक झाले होते. तो ते वळवून वळवून बघत होता. "बघ," तो खूश होऊन म्हणाला, "रक्त खेळायला लागलं."

सकाळी दोन्ही तळव्यांवर फोड होते. दवाखान्यात जाऊ, असं ती म्हणाली. तो म्हणाला, दुखत नाही तर दाखवायचं काय? बदलीचा रक्षक अजून यायचा होता. त्याने मोजे चढवले, बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि उभा राहायला निघून गेला. तिने अडवलं नाही. अडवायचं तर कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. दुखणं असतं तर ते तिच्या बाजूने बोललं असतं.

पुढच्या आठवड्यात लिफ्टवाला दारापाशी आला. चकचकीत फरशीवर बुटांचे ओले ठसे उमटले होते.

"खांबा, पाऊस नाही पाणी नाही, तुझा बूट कसा रे गळतोय?"

खांबाने खाली पाहिलं. मग दोघांनीही पाहिलं. लिफ्टवाल्याने पुढे काही विनोद केला नाही. त्याने त्याला खांद्याला धरून थेट पाहुण्यांच्या कोचावर बसवलं. इतक्या वर्षांत खांब त्या कोचावर बसला तो पहिल्यांदाच, आणि कुणी हटकलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मोजा कापून काढला. बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. वास तिच्यापर्यंत आला.

"भाजलंय हे. कशाने?"

"पाण्याने," खांब म्हणाला.

"एवढं उकळतं पाणी? कुणी ओतलं?"

तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता.

"मी," तो म्हणाला. दारावर मोठा साहेब आला की तो ज्या आवाजात बोले, त्या आवाजात म्हणाला. "मीच ओतलं. मला वाटलं, कोमट आहे."

"तुमच्या पायांना कळत नाही आता, काका. शुगरने नसा गेल्यात. बायकोला हात घालून बघायला सांगायचं होतं ना!"

"तिला सांगितलं तर ती थंडच देते," तो म्हणाला आणि हसला. डॉक्टरही जरासे हसले. ती पलंगाची दांडी धरून उभी राहिली.

डावा पाय वाचला. उजवा आधी बोटांपर्यंत गेला, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याच्या खाली जिथे डॉक्टरांनी रेघ मारली तिथपर्यंत.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो गोष्ट सांगे आणि प्रत्येक वेळी ती जरा सुधारत असे. आधी त्याने नुसतं पाणी ओतलं होतं. मग त्याने गॅस मोठा केला. मग पातेलं फडक्याने धरून उतरवलं, मग "ही आत फोनवर, हिला पत्ताच नाही!" हे आलं. लोक हळहळत, कुणी कुणी हसत, आणि ती चहाचे कप गोळा करत असे. एकदा दोघंच असताना ती म्हणाली, "अहो, मी ओतलं होतं."

"पाय कुणाचा?"

"तुमचा."

"मग? माझ्या पायाच्या भानगडीत तू कशाला पडतेस?"

त्याने चिडायला हवं होतं. एकदा तरी, कुठल्या तरी फालतू कारणावरून, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून का होईना, त्याने "तूच" म्हणायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. तो तेवढं सोडून सगळं बोलला.

उरलेल्या पायाची निगा ती आता पुस्तकाबरहुकूम करू लागली. पाणी कोपराने बघायचं, तान्ह्या मुलाचं बघतात तसं. बोटांच्या फटी टिपून कोरड्या करायच्या. हातातला आरसा तळव्याखाली धरून इंच न इंच बघायचा. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. "एवढ्या निरखून तर तू लग्नाआधी माझं तोंड नव्हतं बघितलंस," तो म्हणे. ती आरसा हलवत नसे.

कंपनीने त्याच्या जागी माणूस घेतला नाही. लिफ्टवाल्याने येऊन सांगितलं, दार आता आपोआप उघडतं, समोर उभं राहिलं की झालं.

"नमस्कार करतं का?" खांबाने विचारलं.

"नाही."

"मग काय उपयोग," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चहा तसाच निवला.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. एका पहाटे झोपेतच गेला. डाव्या पायावर ओरखडासुद्धा नव्हता.

येणारे-जाणारे ओसरल्यावर मायलेकी स्वयंपाकघरात उरल्या. मुलगी कप विसळत होती. आई ओट्याला टेकून उभी होती.

"तुला एक सांगायचंय. ते पाणी मी ओतलं होतं."

"बाबांनी ओतलं, आई."

"मी ओतलं गं. मीच उकळलं, मीच ओतलं. हात घालून बघितलं नाही. आणि मग तुझ्याशी बोलत बसले."

मुलीचा हात क्षणभर नळाखाली थांबला. मग तिने पुढचा कप घेतला. "लिफ्टवाल्या काकांना विचार हवं तर. गॅस मोठा केला, पातेलं उतरवलं, फडक्याने धरलं नि ओतलं. बाबांनी दहा वेळा सांगितलंय सगळ्यांना."

"आणि तुला ते खरं वाटतं?"

"हो," मुलगी मान वर न करता म्हणाली.

हॉस्पिटलच्या कागदावरही तसंच आहे. 'रुग्णाने स्वतः तापविलेले पाणी स्वहस्ते पायांवर ओतून घेतल्याने सदर दुखापत उद्भवली.' खाली सही आहे, सहीवर शिक्का आहे.

त्याला गॅस पेटवता येत नव्हता, आणि हे मुलीला लहानपणापासून ठाऊक होतं.