तुंबलेला चर

ऊर्मिलाचे सासरे अण्णा साताऱ्याकडच्या घाटरस्त्यांवर पस्तीस वर्षं मुकादम होते. २००६च्या ऑक्टोबरात ते जर्मनीत एश्बॉर्नला मुलाकडे आले, तेव्हा एका रविवारी ती त्यांना टाउनुसच्या डोंगरातला जुना रोमन रस्ता दाखवायला घेऊन गेली.

बीच नावाच्या उंच झाडांतून चढताना म्हातारे वाटाडे हेर क्लाइन इतिहास सांगत होते आणि ऊर्मिला तो मराठीत समजावत होती. अण्णांचं लक्ष मात्र पायाखाली होतं. एका वळणावर पाणी रस्त्यावरून वाहताना दिसलं, तसे ते थांबले आणि कडेची पानं काठीनं उकरू लागले.

"अण्णा, अहो, इथं काही करू नका," ती ओशाळून म्हणाली.

"अगं, चर तुंबलाय. रस्ता चाकांनी मरत नाही, पाण्यानं मरतो. विचार त्यांना, काढू का?"

तिनं विचारलं. हेर क्लाइननी वाकून पाहिलं, "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले आणि स्वतःही गुडघे टेकून बसले. अण्णा बोटानं दाखवत, तिथली कुजकी पानं दोघंही हातांनी उपसत. बऱ्याच वेळानं पाणी वळलं आणि चरातून खाली उतरू लागलं.

ऊर्मिलानं लग्नापासून अण्णांना आरामखुर्चीतच पाहिलं होतं. आता अण्णांचे चिखलाचे हात पुसायला तिनं गळ्यातला नवा स्कार्फ काढून दिला.