लसीच्या रांगेतले बाप

इंजेक्शन टोचायला क्षणभर लागतो. बाकी सगळा वेळ बोलण्यात जातो, म्हणून आम्हा नर्सांकडे किस्से साठत जातात. त्यातून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची ही लस चौदा वर्षांच्या पोरींना. म्हणजे सोबत आईबाप आलेच. पोरी गुमान टोचून घेतात. किस्से होतात ते बापांचे!

नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारातल्या कॅम्पला एक कापडाचे व्यापारी आले. "सिस्टर, फुकट देऊन राहिले, मग माल कसा असन?"

मी म्हटलं, "काका, हीच लस बाहेर विकत घ्यायला गेलात तर चांगली महाग पडते."

लगेच भावाला फोन, "अबे, तुझ्या पोरीले घेऊन ये लवकर! माल संपून राहिला!"

दुसरे एक पोलिसातले. मिशा अशा, की आमचे डॉक्टरही जरा सावरून बसले. लेकीचा हात धरायला आत आले अन् सुई पाहून स्वतःच खुर्चीवरून खाली! पोरगी दंडावर कापूस दाबत ओरडली, "बाबा, उठा जी! माझं झालं!"

नरखेड तालुक्यातल्या एका गावात मात्र कोणी येईना. या लसीनं पुढं लेकरं होत नाहीत, अशी आवई उठली होती. तेव्हा तिथली आशा सेविका वनिता स्वतःच्या पोरीला घेऊन सगळ्यांसमोर बसली. "माझ्या लेकीले पहिलं टोचा." दुपारपर्यंत शाळेचा व्हरांडा भरला!

निघताना मी तिला विचारलं, "वनिता, तू कधी गर्भपिशवी तपासून घेतलीस? लस पोरींना, तपासणी आपल्याला."

"मले काहून? मले तं काहीच त्रास नाही."

हाताला धरूनच तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पिशवीच्या तोंडाशी पेशींत बदल निघाला. कॅन्सर नव्हता, पण तसाच सोडला असता तर पुढे होऊ शकला असता. नागपुरात उपचार झाले. पुन्हा तपासणी होऊन रिपोर्ट येईपर्यंत तिचा नवरा तिला मोटारसायकलवर आणायचा अन् बाहेर नुसता उभा राहायचा.

रिपोर्ट आला. स्वच्छ! मी धावतच बाहेर गेले. "भाऊ, काही नाही निघालं. सगळं नीट आहे!"

त्यानं हात जोडले. डोळे पुसले. गाडीला किक मारली, अन् गेला की सुसाट!

वनिता पदर सावरत बाहेर आली. गाडीची रिकामी जागा पाहिली, अन् हसता हसता पायरीवरच बसली.

"येईन जी तो, सिस्टर. गावात गेल्यावर कोणीतरी विचारनच त्याले, बायको कुठी आहे?"