हॉल तिकिटावरची कोरी चौकट

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं सहा कम्प्युटरचं नेट कॅफे होतं, आणि फुकटाचा मोह हा माझा जुना रोग होता. आमच्याकडं बियाण्याच्या पिशवीवर टोपी मिळते म्हणून माणसं बियाणं बदलतात. मी त्याच मातीतला. ब्राउझरला जोडायचं जे जे एक्स्टेन्शन फुकट दिसलं, ते मी घेतलं. एक हवामान सांगायचं, एक शब्दांचे अर्थ, एक तर नुसताच पानाचा रंग बदलायचं. अशी अकरा झाली. त्यात माझं लाडकं होतं जाहिराती झाकणारं. कॅफेत लेकीबाळी यायच्या आणि मध्येच भलत्या जाहिराती उघडायच्या, म्हणून ते मी अगदी कडक करून ठेवलं होतं, सहाही कम्प्युटरवर सारखंच. आल्या गिऱ्हाइकाला मी ते कौतुकानं दाखवायचो.

नर्सभरतीच्या परीक्षेला दोन दिवस उरले होते. सकाळी शहागडहून एक तरुण बाई आली, सोबत सासरे. तिचं हॉल तिकीट उघडलं, तर फोटोच्या जागी कोरी चौकट. बिनफोटोच्या तिकिटावर परीक्षेला बसू देणार नाहीत, हे खाली ठळक छापलेलंच होतं. मी दुसऱ्या कम्प्युटरवर पाहिलं, तिसऱ्यावर पाहिलं. सगळीकडं कोरी.

"फॉर्म भरताना तुम्ही फोटो चढवलाच न्हाई," मी सांगून टाकलं. अर्धवट शहाणा माणूस नेहमी ठामच बोलतो.

"चढवल्ता," ती म्हणाली. "माहेरी भरला फॉर्म. मीच चढवल्ता."

"कम्प्युटर कशाला खोटं बोलंल, ताई?"

सासऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "एक काम धड जमंना, अन् नोकरी करायला निघाली. चल घरी." ती उठली. फॉर्मचा नंबर आणि जन्मतारीख लिहिलेली चिठ्ठी तिनं उचललीसुद्धा नाही.

दुपारी मागच्या गल्लीतल्या दवाखान्यातली, चाळिशीला टेकलेली एक नर्स आली. तीच परीक्षा, तीच कोरी चौकट. मी सकाळचंच वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "काल आमच्या डॉक्टरांच्या कम्प्युटरवर मी फोटो बघितल्ता. आज कुठं गेला?"

म्हणजे घोळ माझ्याच घरात होता. मी माउस इकडून तिकडं फिरवायला लागलो. ती शांतपणे वरच्या पट्टीतल्या रंगीबेरंगी चित्रांकडं बघत होती. मी सांगितलं, ही अकरा फुकटची एक्स्टेन्शन आहेत.

"एवढं खाल्ल्यावर पित्त उठणारच की," ती म्हणाली. "पेशंटच्या अंगावर गांध्या आल्या की आम्ही काय करतो? सगळं बंद. नुसता वरणभात. मंग एकेक चालू करून बघायचं, कशानं उठतंय ते."

मी अकराच्या अकरा बंद केली आणि पान पुन्हा उघडलं. चौकटीत तिचा फोटो, केसांत गजरा माळलेला. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून परत बसलो. तिचं काम झालं होतं, प्रिंट हातात होती, तरी बाई जागची हलेना. "चोर कोण ते कळल्याबिगर मी न्हाई उठत," म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढली.

हवामान चालू केलं, पान उघडलं: फोटो आहे. शब्दांचे अर्थ: आहे. रंगवालं: आहे. प्रत्येक वेळी आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो. मागं गिऱ्हाइकं गोळा झाली, स्वतःची कामं सोडून. आठ झाली, फोटो जागेवर. नववं चालू केलं आणि फोटो गेला. बंद केलं, आला. पुन्हा चालू केलं, गेला.

नववं म्हणजे माझं लाडकं. दुसऱ्या वेबसाइटवरून येणारं प्रत्येक चित्र ते जाहिरात समजून झाकत होतं, आणि या परीक्षेचे फोटो दुसऱ्याच वेबसाइटवर ठेवलेले होते. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसत होतो, आणि हसता हसता सकाळची चिठ्ठी दिसली. अजून कीबोर्डखालून डोकावत होती.

नंबर टाकला, तारीख टाकली. शहागडची ती बाई चौकटीतून सरळ माझ्याकडं बघत होती. माझी मलाच लाज वाटली. प्रिंट काढून पाकिटात घातली, मोटरसायकल काढली आणि बसस्टँड गाठलं. शहागडकडं जाणारी गाडी लागलेलीच होती. आमच्याकडं डब्यापासून औषधापर्यंत सगळं कंडक्टरच्या हाती जातं. त्यानं पाकीट मुकाट्यानं खिशात ठेवलं.

कॅफेच्या रजिस्टरमध्ये तिनं गावातल्या किराणा दुकानाचा फोन नंबर लिहिला होता. दुकानदारानं तिला बोलावून आणलं.

"ताई, तुमचा फोटो चढलेला होता," मी म्हणालो. "चूक माझी होती. तिकीट आत्ताच्या गाडीनं येऊन राह्यलंय, कंडक्टरजवळ हाय."

ती हळूच म्हणाली, "दादा, हे मला नका सांगू. मामा इथंच उभे हायेत, त्यांना सांगा."

आणि तिनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला.