धाडच्या उन्हातलं पॅनल आणि एक ओलं पोतं

१. धाडला मावशीच्या अंगणात भाड्याची कॅम्पर उभी केली, सौर पॅनल जोडलं.
२. बॅटरी चार्ज झाली नाही. फ्रिज बंद पडला.
३. फ्रिजमधलं आईचं इन्सुलिन खराब झालं. कळायच्या आत ते दोनदा टोचून झालं होतं.
४. आई बुलढाण्यात अतिदक्षता विभागात होती.
५. शेगाव झालं नाही.

आता सविस्तर. आईला शेगावला जायचं होतं आणि वाटेत धाडला तिच्या मावसबहिणीकडे, माझ्या शकूमावशीकडे, राहायचं होतं. पुण्याहून निघालो, संभाजीनगरला मुक्काम केला. भोकरदननंतर रस्ता अरुंद आहे. जीप आणि एसटी समोरून आल्या की मोठी गाडी खाली उतरवावी लागते. धाडला कॅम्पर लावायची सोय नाही, ओळखीचं अंगण हवं.

मावशीचं कुटुंब भाजीपाला पिकवतं. काकांनी गाडीभोवती चक्कर मारली. "पुण्याचे लोक घर चाकावर घेऊन हिंडून राह्यले, न् लाइन सूर्याले मागतात!"

"औषध आमच्या फ्रिजमधी ठेव ना," मावशी म्हणाली.

"लाइन जाते ना तुमची? गाडीतला फ्रिज खात्रीचा आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी पॅनल उभं केलं, कॅम्परच्या मालकांनी दाखवल्याप्रमाणे गाडीच्या बाहेरच्या सॉकेटमध्ये जोडलं. पॅनलमागचा हिरवा दिवा लागला. करंट मोजायचा मीटर माझ्या पिशवीत होता. तो काढला नाही. आई आणि मी काकांच्या जीपमधून बाजारात गेलो. तिथली गरम भजी चांगली होती, सावली मात्र कुठेच नव्हती.

परतलो तेव्हा पॅनलवर ओलं पोतं होतं.

"हे काऊन टाकलं, मावशी?" मी विचारलं.

"अवं, हात लावला तं चटका बसला. तडकलं असतं! भाजीच्या पाट्यांवर टाकतो तसं टाकलं. दोनदा भिजवलं."

आम्ही सगळे हसलो. मी पोतं काढलं. हिरवा दिवा पुन्हा लागला.

इन्सुलिन आई स्वतःच घेते. फ्रिज गार नाही हे तिला बाजाराच्या दिवशी संध्याकाळचं इंजेक्शन घेताना जाणवलं होतं, पण उन्हाळ्यात असंच असेल असं समजून ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं इंजेक्शन झाल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या. मी फ्रिज उघडला. आतली पाण्याची बाटली कोमट नव्हती, गरम होती.

बुलढाण्यात आईला दाखल केल्यावर मी दवाखान्याबाहेर कडक उन्हात तेच पॅनल त्याच सॉकेटला जोडलं. पोतं नव्हतं. बॅटरीकडे मीटरवर शून्य. मग वायरी थेट बॅटरीला लावल्या आणि करंट लगेच सुरू झाला. पॅनलमागे चार्जिंग नियंत्रित करणारा एक कंट्रोलर आहे, सॉकेटच्या आत दुसरा. एकामागे एक जोडले की आतल्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, तो सुरूच होत नाही. असं पॅनल नेणार असाल तर सॉकेटच्या आत काय आहे ते आधी विचारा, आणि दिव्यावर विसंबू नका, बॅटरीत जाणारा करंट मोजा.

हे मी गाडीच्या मालकांना फोनवर सांगितलं, पोत्याचंही. स्पीकर सुरू होता, मावशी शेजारी बसली होती.

"मॅडम, पॅनलवर पोतं टाकलं होतं ना? मग विषय संपला."

मावशी उठून बाहेर गेली. काकांनी हाक मारली तर म्हणाली, "माह्या हातानं झालं."

आई आता घरी आहे. मूत्रपिंडं किती सावरतील, डॉक्टर सांगत नाहीत. ती रोज धाडला फोन लावते. काका बोलतात. मावशी फोनवर येत नाही. मी वायरिंग समजावलं, तर काका म्हणाले, "तू तिची भाची. तू तिले वाचवायलेच बोलशील, असं म्हणते ते."

म्हणून ही विनंती गाडीच्या मालकांना. भाडं परत नको. सॉकेट उघडून बघा. मी म्हणते तेच दिसलं, तर तुमच्या आवाजात दोन वाक्यं पाठवा: दोष जोडणीचा होता, पोतं नसतं तरी बॅटरी चार्ज झाली नसती. मी ती मावशीला ऐकवीन. येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावं.